राकाय, म्हणजे आपल्या भाषेत टवाळखोर

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

जयंतीच्या कार्यक्रमात आपल्या गावातल्या चार पोरांनी स्टेजवर रॅप केलं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. आठ दिवसांनी येणारं पाणी, तीनदा उकरलेला रस्ता, ठेकेदाराची नवी गाडी. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण कळायचं त्यांना कळलं. रात्रीच ग्रुपवर मेसेज फिरले, ‘या टवाळखोरांना कुणीतरी आवरा’. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन. एक जबाबदार माणूस, नाव सांगत नाही. ‘दादा, एक बातमी लावा. जयंतीच्या पवित्र व्यासपीठावर टवाळखोरांचा धिंगाणा, असं काहीतरी.’

खरं सांगतो, फोन ठेवला आणि मोबाइलवर टाइप करायला लागलो. ‘टवाळखोर’ हा शब्द टाइप पण झाला होता. बावीस वर्षं बातम्या लिहितोय, बोटांना सवय असते. पोलिसांची प्रेसनोट येते, त्यात ‘टोळके’, ‘सराईत’, ‘टवाळखोर’ हे शब्द तयारच असतात. आपण फक्त वेळ आणि ठिकाण तपासतो.

मग थांबलो. थांबायला कारण झाला एक फ्रेंच माणूस. त्याची गोष्ट सांगतो, मग आपल्या पोरांकडे परत येऊ.

अब्द अल मलिक. मूळ नाव रेजिस फायेत-मिकानो. जन्म 1975, पॅरिस. आई-वडील आफ्रिकेतल्या काँगोचे. लहानपणाची काही वर्षं ब्राझाव्हिलला गेली. 1981 मध्ये कुटुंब परत फ्रान्सला आलं आणि स्ट्रासबर्ग शहराच्या कडेला नॉयहोफ नावाच्या वसाहतीत राहायला लागलं. पुढे वडील घर सोडून गेले, मुलं आईनं एकटीनं वाढवली.

या वसाहतीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर चित्र चुकीचं उभं राहील. आपल्याकडे गावाबाहेरची गरीब वस्ती म्हटलं की पत्र्याची घरं डोळ्यांसमोर येतात. फ्रान्समध्ये तसं नाही. तिथे सरकारनं महायुद्धानंतर कामगारांसाठी शहराबाहेर मोठमोठ्या इमारती बांधल्या, एकासारखी एक. त्या भागाला ते बाँल्यू म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता ‘उपनगर’, पण आता तो उच्चारला की फ्रेंच माणसाला काँक्रीट, बेकारी, पोलीस आणि काळी-सावळी पोरं एवढंच दिसतं. अल्जीरिया, मोरोक्को, माली, सेनेगल, काँगो, म्हणजे ज्या देशांवर फ्रान्सनं राज्य केलं तिथली माणसं कारखान्यांत कामाला आली आणि या इमारतींत राहिली. पुढे कारखाने बंद पडत गेले. माणसं तिथेच, त्यांची मुलं तिथेच. त्या मुलांचा जन्म फ्रान्सचा, शाळा फ्रान्सची, भाषा फ्रेंच. तरी प्रश्न एकच, ‘तू मूळचा कुठला?’

रेजिस या वसाहतीत दोन आयुष्यं जगत होता. दिवसा हुशार विद्यार्थी. कॅथलिक शाळेत शिकलेला, पुस्तकांचा किडा, पुढे विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि अभिजात साहित्य शिकलेला. आणि त्याच वेळी पाकीटमार. गर्दीत हात साफ करायचा, पुढे चरस विकायचा. हे कुणा पोलिसाच्या डायरीतलं नाही, त्यानं स्वतः लिहिलेलं आहे. मास्तरांना दुसरा रेजिस माहीत नव्हता आणि गल्लीतल्या मित्रांना पहिल्याशी देणंघेणं नव्हतं. त्याच्या बरोबरीची कितीतरी पोरं मेली. कुणी नशेनं, कुणी मारामारीत, कुणी स्वतःच्या हातानं.

1988 च्या सुमारास त्यानं भाऊ आणि मित्रांबरोबर एक रॅप ग्रुप काढला, ‘न्यू आफ्रिकन पोएट्स’. स्वतःला पोएट म्हणवून घेणारी पोरं, वय तेरा-चौदा! नंतर ग्रुप वाढला, स्टुडिओला पैसे लागायला लागले. पैसे कुठून आले? तेही तो लपवत नाही. चांगले शब्द रेकॉर्ड करायला वाईट धंद्याचा पैसा वापरला गेला, आणि तेच त्याच्या मनाला खात राहिलं. मला त्याच्या सगळ्या कहाणीत ही जागा सगळ्यात खरी वाटते. आपल्याकडे आत्मचरित्रात माणूस एक तर आधीपासूनच थोर असतो, नाहीतर एका रात्रीत सुधारतो. इथे तसं काही नाही. बराच काळ दोन्ही चालू आहे, आणि त्याला ते समजतंय.

1996 मध्ये त्यांचा अल्बम आला. नावाचा अर्थ साधारण असा, ‘टवाळखोर रेकॉर्ड काढतात’. मूळ शब्द ‘राकाय’. राकाय म्हणजे गाळ, हलकट लोक, उनाड, गुंड, सगळं एकत्र. बाँल्यूतल्या पोरांना लोक जे म्हणायचे तेच त्यांनी कव्हरवर छापलं. तुम्ही आम्हाला राकाय म्हणता ना? मग घ्या, राकायनं गाणी केलीत.

हा शब्द लक्षात ठेवा, नऊ वर्षांनी तो परत येणार आहे.

मधल्या काळात धर्म आला. साधारण सोळाव्या वर्षी रेजिस मुसलमान झाला आणि त्यानं अब्द अल मलिक हे नाव घेतलं. यात एक गंमत आहे. रेजिस हे लॅटिन, त्याचा अर्थ राजाचा. मलिक म्हणजेही राजा. नाव बदललं, राजा तोच राहिला. सुरुवातीला तो तबलिगी मंडळींबरोबर दारोदार फिरून उपदेश करायचा. तबलिगी जमात कुठली? आपल्या मेवातची आणि दिल्लीच्या निजामुद्दीनची. शंभर वर्षांपूर्वी इकडे सुरू झालेली गोष्ट स्ट्रासबर्गच्या बाहेर एका काँगोली आईच्या पोरापर्यंत जाते. पण तिथे तो रमला नाही. संगीत हराम आहे असं सांगणारे भेटत होते, आणि संगीताशिवाय याला श्वास घेता येत नव्हता. शेवटी 1999 मध्ये मोरोक्कोत एका सूफी गुरूकडे जाऊन तो शिष्य झाला. सिदी हमजा त्यांचं नाव, 2017 मध्ये वारले. हा पंथ कादिरी परंपरेचा. कादिरी म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकांना काही आठवायला हवं. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’ लिहिणारे, त्यांच्या गुरुपरंपरेचा धागाही अभ्यासक कादिरींकडेच नेतात. असो. एवढंच म्हणायचंय की ‘तिकडची’ गोष्ट दर वेळी फार तिकडची नसते.

2004 मध्ये त्यानं आत्मकथन लिहिलं. नाव: ‘अल्ला फ्रान्सचं भलं करो’. मी त्याचं इंग्रजी भाषांतर वाचलंय. ते ‘सूफी रॅपर’ या नावानं निघालं. इंग्रजी नावानं सगळी हवाच काढून टाकली, असं माझं मत. मूळ नावात जी ठिणगी आहे ती समजायला साल बघा. 2004 च्या मार्चमध्ये फ्रान्सनं सरकारी शाळांमध्ये ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी घालणारा कायदा केला. मुख्य निशाणा हिजाब. देशभर एकच वाद, मुसलमान आणि फ्रान्स एकत्र नांदतील का? आणि त्याच वर्षी हा माणूस अल्ला आणि फ्रान्स एका वाक्यात घालतो, तेही आशीर्वाद देत. एका बाजूच्या लोकांना वाक्याच्या सुरुवातीचा त्रास, दुसऱ्या बाजूच्या पोरांना शेवटाचा. ज्या देशात आपल्याला रस्त्यात पाच वेळा ओळखपत्र विचारतात, त्याचं भलं कशाला मागायचं?

त्यानंतरचं वर्ष 2005. 25 ऑक्टोबरला रात्री गृहमंत्री निकोला सार्कोझी आर्जांतय नावाच्या बाँल्यूत गेले. तिथे एका बाईशी बोलताना कॅमेऱ्यासमोर त्यांनी तोच शब्द वापरला. राकाय. या राकायपासून तुम्हाला सोडवतो, असा सूर. दोन दिवसांनी, 27 ऑक्टोबरला, क्लिशी-सू-ब्वा इथे फुटबॉल खेळून घरी चाललेली पोरं पोलिसांना पाहून पळाली. चोरी वगैरे काही केलेली नव्हती. पळाली, कारण पोलीस दिसले की पळायचं हे तिथल्या पोरांना लहानपणापासून माहीत असतं. तिघं विजेच्या उपकेंद्रात लपली. झियेद बेना, वय 17, आणि बुना त्राओरे, वय 15, विजेच्या धक्क्यानं जागीच गेले. तिसरा भाजला, पण वाचला. त्यानंतर तीन आठवडे फ्रान्स जळत होता, हजारो गाड्या जाळल्या गेल्या. सरकारनं आणीबाणी लावली, तीही 1955 च्या, अल्जीरियाच्या युद्धाच्या वेळच्या कायद्याखाली. म्हणजे ज्यांच्या आजोबांसाठी तो कायदा केला होता, नातवांनाही तोच लावला. मुलांना वाचवायला मदत केली नाही म्हणून दोन पोलिसांवर खटला चालला. 2015 मध्ये दोघेही निर्दोष सुटले.

त्या दोन मुलांना शब्दानं मारलं असं मी म्हणत नाही. मारलं विजेनं. पण मंत्र्याच्या तोंडून शब्द सुटला की तो खाली हवालदारापर्यंत येतो, आणि पेपरात छापला की शेजारणीपर्यंत. मग मुलगा पळाला म्हणजे काहीतरी केलंच असणार, असं सगळ्यांना आपोआप वाटायला लागतं. हे मी फ्रान्सबद्दल पुस्तकात वाचलं. आपल्या तालुक्याबद्दल मला पुस्तक वाचायची गरज नाही.

दंगलीनंतर वर्षाच्या आत, 2006 च्या जूनमध्ये अब्द अल मलिकचा ‘जिब्राल्टर’ हा अल्बम आला आणि फ्रान्स चकित झाला. कारण ते आपल्या ओळखीचं रॅप नव्हतं. पियानोवर कोण, तर जेरार झुआने. जाक ब्रेल हा फ्रेंच गाण्यातला देव माणूस, त्याचे हे पियानोवादक. आपल्याकडे कल्पना करायची तर, वस्तीतल्या पोराच्या रॅपला बाबूजींच्या साथीदारांनी साथ करावी. झुआनेंची बायको ज्युलिएत ग्रेको, युद्धानंतरच्या पॅरिसची प्रसिद्ध गायिका. ऐंशी वर्षांची ती बाई पुढे याच्याबरोबर गायली. ‘जिब्राल्टर’मध्ये 11 सप्टेंबरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी मुसलमान म्हणून जागं होणं कसं असतं, यावरही एक गाणं आहे. त्या अल्बमला पुरस्कारांची रांग लागली. फ्रान्सचा संगीतातला मोठा पुरस्कार ‘व्हिक्ट्वार’ त्यानं आजवर चार वेळा घेतलाय. 2008 मध्ये सरकारनं कला-साहित्याचा किताबही दिला.

आणि इथूनच त्याच्यावर टीका सुरू झाली, ती आपल्याच लोकांकडून. टीकाकारांचं म्हणणं, हा गोऱ्यांच्या दिवाणखान्यातला रॅपर. सुटाबुटात, पियानोवर, प्रेमाच्या गोष्टी करतो. सरकारला असा ‘चांगला मुसलमान’ हवाच असतो.

ही टीका मी उडवून लावणार नाही. त्याचं काही लेखन मलाही प्रवचनासारखं वाटतं. प्रेम, प्रेम आणि परत प्रेम. शिवाय टीकेत एक मोठं सत्य आहे. व्यवस्थेला असा एक माणूस सापडला की ती त्याचा दंडुका करते. ‘तो बघा, त्याच वस्तीतला, शिकला, पुढे गेला. तुम्हाला काय धाड भरलीय?’ हे आपण पत्रकार दर वर्षी करतो. वस्तीतला एखादा मुलगा एमपीएससी पास झाला की फेटा बांधून फोटो, चार कॉलम बातमी, ‘परिस्थितीवर मात’. परिस्थिती कुणी केली, त्याबद्दल एक ओळ नसते. त्याच्या बरोबरची नव्वद मुलं का राहिली, हे विचारायला कुणी जात नाही. त्या मुलाचं कौतुक हवंच. पण त्या कौतुकाच्या आडून उरलेल्यांना शिवी घातलेली असते, आणि ती मी स्वतः अनेकदा घातलीय.

शेजारी दुसरं उदाहरण ठेवतो. ‘ला रुमर’ नावाच्या रॅप ग्रुपमधला आमे. त्यानं 2002 मध्ये एका छोट्या मासिकात पोलिसांच्या हिंसेवर लेख लिहिला. गाणं नाही, लेख. गृहमंत्रालयानं पोलिसांच्या बदनामीचा खटला भरला. गृहमंत्री पुन्हा तेच, सार्कोझी. खालच्या कोर्टात सुटला, सरकार वर गेलं. वर सुटला, आणखी वर गेलं. पुन्हा खाली आलं. आठ वर्षं! 2010 मध्ये शेवटी कायमचा सुटला. तोवर सार्कोझी राष्ट्राध्यक्ष होऊन तीन वर्षं झाली होती. आमेसुद्धा पुढे सिनेमाकडे वळला, ग्रुपमधल्या सोबत्याबरोबर त्यानं चित्रपट काढला. म्हणजे बघा, एकानं फ्रान्सला आशीर्वाद दिला त्याला किताब, दुसऱ्यानं प्रश्न विचारला त्याला आठ वर्षं कोर्ट. तुम्ही म्हणाल, मग सरळ आहे की, आशीर्वाद देणाराच फायद्यात.

मलाही बरेच दिवस असंच वाटत होतं. मग नीट पाहिलं.

2010 मध्ये अब्द अल मलिकनं राजकीय पुस्तक लिहिलं, बाँल्यूच्या प्रश्नावर. त्यालाही पुरस्कार मिळाला. 2014 मध्ये स्वतःच्या आत्मकथनावर स्वतःच चित्रपट काढला. त्याचा पहिलाच. काळापांढरा, शूटिंग नॉयहोफमध्येच, कॅमेऱ्यामागे पिएर एम, म्हणजे 1995 च्या ‘ला एन’चा कॅमेरामन. ज्यांनी ‘ला एन’ पाहिलाय त्यांना हे वाचून बरं वाटेल, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी तो पाहावा. टोरांटोच्या महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. मी लॅपटॉपवर सबटायटल लावून पाहिला. मार्क झिंगा नावाच्या नटानं रेजिसचं काम केलंय. तो पाकीट मारतो आणि त्याच संध्याकाळी टेबलावर बसून निबंध लिहितो, दोन्ही वेळी चेहरा तसाच गंभीर. दिग्दर्शक म्हणून त्यानं स्वतःला कुठेही सूट दिलेली नाही. चित्रपट फ्रान्समध्ये डिसेंबरात लागला. महिन्याभरात, 7 जानेवारी 2015 ला, ‘शार्ली एब्दो’च्या कचेरीवर हल्ला झाला.

त्या दिवसांत अख्खा देश ‘मी शार्ली’ म्हणत होता. चांगला मुसलमान म्हणून ज्याला मिरवलं, त्यानं काय म्हणावं ही अपेक्षा ठरलेली होती. त्यानं हल्ल्याचा निषेध केलाच, अतिरेक्यांच्या विरोधात तर तो आधीपासून लिहीत होता. पण फेब्रुवारीत एक छोटी पुस्तिका काढून तो हेही म्हणाला की त्या व्यंगचित्रांनी मुसलमानद्वेष वाढायला हातभार लावला. सगळे एका सुरात असताना! टाळ्या वाजवणारे काही हात तिथेच थांबले, वाद झाला. त्याचं ते मत मला स्वतःला पूर्ण पटत नाही. व्यंगचित्रकाराला शब्दाची जबाबदारी असते हे मान्य, पण मारणाऱ्याच्या गोळीच्या आसपाससुद्धा ती आणू नये, असं मला वाटतं. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की दिवाणखान्यातला पाळीव रॅपर असता तर तो त्या आठवड्यात गप्प बसला असता.

आल्बेर कामूवर त्याचा जीव आहे. कामू अल्जीरियातला, गरिबीत वाढलेला, आईला लिहितावाचता येत नव्हतं. त्याचं एक लहानसं पुस्तक रेजिसला पोरवयात सापडलं आणि तो आयुष्यभर त्याला धरून राहिला. 2013 मध्ये कामूच्या जन्मशताब्दीला कार्यक्रम केला, 2019 मध्ये पॅरिसच्या शातले थिएटरात कामूचं नाटक संगीतासह बसवलं. रॅपरला मोठ्या थिएटरात नाटक बसवायला मिळालं म्हणून काही नाकं मुरडली. ती मुरडणारच होती.

आता ताजी गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं डोक्यात फिरतंय. 2026 च्या जानेवारीत त्याचा चित्रपट फ्रान्समध्ये लागला, ‘फ्यूर्सी, जन्मतः स्वतंत्र’. आपल्याकडे यायचा तेव्हा येईल. पण ज्यावर तो आहे तो खटला मला कधीचा सांगायचा होता, कारण त्याची सुरुवात भारतात होते.

मादलेन नावाची मुलगी, अठराव्या शतकात बंगालमधल्या चंदननगरची. चंदननगर तेव्हा फ्रेंचांचं. लहानपणीच ती एका धार्मिक वृत्तीच्या फ्रेंच बाईच्या हाती गेली, बाईबरोबर फ्रान्सच्या लोरिआं बंदरात पोचली, तिथून हिंदी महासागरातल्या बोर्बों बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियाँवर, दुसऱ्या मालकिणीकडे. तिथे 1786 मध्ये तिला मुलगा झाला, फ्यूर्सी. 1789 मध्ये मादलेनला कागदोपत्री मुक्त केलं गेलं. कागद झाला, पण तिला सांगितलंच नाही! ती गुलामच राहिली, मुलगाही गुलाम. आईच्या मृत्यूनंतर तो कागद फ्यूर्सीच्या हाती लागला. 1817 मध्ये, एकतीस वर्षांचा असताना, तो कोर्टात गेला. पळून जंगलात नाही गेला, मालकाला मारलं नाही. कोर्टात गेला आणि म्हणाला, मी गुलाम नाहीच.

त्याला तुरुंगात टाकलं. एका सरकारी वकिलानं, जिल्बेर बुशेनं, त्याची बाजू घेतली, तर त्या वकिलालाच बेट सोडावं लागलं. फ्यूर्सीला मॉरिशसला, मालकाच्या नातेवाइकांच्या उसाच्या मळ्यावर पाठवलं. (त्याच मॉरिशसला पुढे आपल्या कोकणातली माणसंही उसावर गेली, ती गोष्ट वेगळी.) तिथून सुटल्यावरही त्यानं केस सोडली नाही. 23 डिसेंबर 1843 ला पॅरिसच्या कोर्टानं निकाल दिला. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवणारा गुलाम मुक्त होतो, हे फ्रान्सचं जुनंच तत्त्व. मादलेनचे पाय लोरिआंला लागले होते, म्हणजे ती तेव्हाच मुक्त, म्हणून तिचा मुलगा जन्मतः स्वतंत्र. सव्वीस वर्षं लागली. फ्यूर्सी तेव्हा 57 वर्षांचा होता. रेयुनियाँत गुलामगिरी संपायला अजून पाच वर्षं बाकी होती.

या खटल्याचे कागद 2005 मध्ये पॅरिसला लिलावात निघाले. होय, त्याच 2005 मध्ये. मोहम्मद आइसावी नावाच्या पत्रकारानं त्यांचा माग काढून 2010 मध्ये पुस्तक केलं, त्यावरून हा चित्रपट. पत्रकारानं, हे मुद्दाम लिहितोय. आमच्या धंद्यात असंही काम करता येतं, हे स्वतःला सांगायला.

आता ‘अल्ला फ्रान्सचं भलं करो’ हे नाव परत वाचा. मला ते आता लाळघोटेपणाचं वाटत नाही. फ्यूर्सी मालकाला ‘दया करा’ म्हणाला नाही. तुमच्याच कायद्यात असं लिहिलंय, तो पाळा, एवढंच म्हणाला. अब्द अल मलिक बावीस वर्षं तेच करतोय. स्वातंत्र्य, समता, बंधुता तुम्ही प्रत्येक शाळेच्या दारावर कोरलंय, मी शाळेत ते वाचलंय, आता हिशेब द्या. देश माझा नाही म्हणणाऱ्याला देशाबाहेर काढता येतं. देश माझाच आहे आणि तुम्ही तो नीट चालवत नाही, असं म्हणणाऱ्याचं काय करायचं? आमेही तेच म्हणत होता, फक्त आवाज चढवून. दोघांची पद्धत वेगळी, दावा एकच. त्यातल्या एकाला गोड आणि दुसऱ्याला कडू ठरवून आपण दोघांचंही म्हणणं ऐकायचं टाळतो.

आपल्याकडेही 2023 मध्ये दोन तरुण रॅपरांवर राजकीय गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले होते, आठवतंय ना? तेव्हा मी त्याची दोन कॉलम बातमी दिली होती, पोलिसांच्या बाजूनं. गाणं मी स्वतः पूर्ण ऐकलं होतं का? नव्हतं.

आणि आता जे सांगायला इतकी लांब पोस्ट लिहिली ते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक बातमी लावली होती. मोबाइल चोरीची. प्रेसनोट जशीच्या तशी, हेडिंग माझं: ‘सराईत चोरटा जेरबंद’. नावासकट, फोटोसकट. मुलगा एकोणीस वर्षांचा, त्याच्यावर आधीचा एकही गुन्हा नव्हता. ‘सराईत’ हा शब्द प्रेसनोटमध्येही नव्हता, हेडिंग चटपटीत व्हावं म्हणून तो मी घातला. तीन वर्षांनी तो निर्दोष सुटला. निकालाची प्रत घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ‘दादा, तेवढीच बातमी, तेवढ्याच जागेत, फोटोसकट लावा.’ मी डेस्कला पाठवली. लागली नाही. जुनी झाली, आता त्यात बातमी काय, असं उत्तर आलं. मीही पुढे रेटलं नाही. त्याला म्हणालो, बघतो. तो पुन्हा दोनदा आला, मग यायचा बंद झाला.

आज तो टेम्पो चालवतो. परवा स्टेजवर ज्या चौघांनी रॅप केलं, त्यातला एक त्याचा पुतण्या.

फोन आला त्या दिवशी ‘टवाळखोर’ टाइप केल्यावर मला हे आठवलं. मग पोरांकडे गेलो. पाण्यावरच्या गाण्यात त्यांनी जे आकडे म्हटलेत ते कुठून आणले, विचारलं. पुतण्यानं मोबाइल काढून माहिती अधिकाराचं उत्तर दाखवलं, शिक्क्यासकट. अर्ज त्यानंच केला होता. पाइपलाइनच्या कामावर दाखवलेला खर्च आणि गाण्यातला आकडा एकच आहे, मी जुळवून पाहिला. त्याची बातमी आज पाठवलीय. लागते का बघू. नाही लागली तर इथे टाकतो.

काकाचं नाव या पोस्टमध्ये लिहू का, असं त्याला विचारलं होतं. म्हणाला, ‘नको. आता परत फोटो कशाला.’

पोरांना पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला बाजारतळावर कार्यक्रम करायचाय. परवानगीचा अर्ज दिलाय, पोच घेतलीय. अर्जाखाली जबाबदार व्यक्ती म्हणून कुणाची तरी सही लागत होती, ती मी केलीय. ज्यांनी मला फोन केला होता त्यांनीही यावं, खुर्ची ठेवतो.